अमुक

पोथीत नावाच्या जागी असतं : अमुक.
अमुक गोत्र, अमुक शर्मा,
अमुक नदीच्या दक्षिण तीरावर.
चाळीस वर्षं ही भोकं बुजवतोय
दुसऱ्यांच्या नावांनी.

आज धोपाव्याला परचुऱ्यांकडे श्राद्ध.
मुलगा मस्कतहून आलेला,
पवित्रक कुठल्या बोटात, तेही ठाऊक नाही.
आई? सुधा.
आजी? कावेरी... बहुधा.
पणजी?
तो मोबाइलकडे बघू लागला.
म्हटलं, म्हण गंगा.
माझ्याकडे सगळ्यांच्या पणज्या गंगाच होतात.
पिंडाला काय कळतंय.

खाडीवर येईतो मला माझीच आठवेना.
दर अवसेला पाणी देतो,
कुणाला देतो?
आईचंही माहेरचं नाव विचारलं नाही कधी.
तांदळात अंगठीनं लिहिलं तेवढंच खरं,
त्याआधीची मुलगी कुणाची कोण.

आठव्या वर्षी वडिलांनी समोर बसवून
विचारलं होतं, कोण तू?
उत्तर आदल्या रात्रीच पाठ करून घेतलेलं.
चुकलो असतो तर मुंजीतच मार होता.
वासिष्ठ गोत्र.
ही खाडीही वाशिष्ठीच,
पण तिला कुणी प्रवर विचारत नाही.

त्यांच्या गाठोड्यात तळाशी
एक बारकी पोथी असायची,
कामावर न नेण्यातली.
तीत म्हणे, आत जो आहे
त्याला गोत्र नाही, हात नाहीत, पाय नाहीत.
खरंय, वडील म्हणायचे,
पण दक्षिणा हातावरच ठेवतात.

शेवटची फेरीबोट निघून गेलेली.
चिखलापलीकडे इसाक होडेकराची होडी,
तिच्यावरचा कंदील जरा वर झाला.
'कोण?'
'मी.'
'मी काय? मीपन मीच हाय. नाव सांगा.'

जिभेवर आलं होतं नेहमीचं,
गोत्रापासून सुरू होणारं.
ओहोटी चिखलातून पाणी ओढून नेत होती,
चुटुचुटु, चुटुचुटु.
खिशात दर्भ टोचत होता.

आणि तिथे, भर अंधारात, यजमान नाही, पाट नाही,
मला कुणाच्याच बाजूनं बोलता येईना.
शेवटी ओरडलो,
'दाभोळला जायचंय एकाला.'

वल्हं पाण्यात पडलं.

अर्ध्या खाडीत इसाक म्हणाला,
'भटजी व्हय.
खोकल्यावरनं कवाच वळखलं होतं.'