गालिचा गुंडाळून

एकतीस वर्षं मी बायकांच्या पायांशी बसते आहे,
पोर्तू शहरात, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
सेन्योर बाल्ताझार यांच्या दुकानात.
चेहरे मला नंतर कळतात.
आधी कळतं अंगठ्याजवळचं वाढलेलं हाड,
करंगळीवरचा घट्टा,
सकाळच्या आणि संध्याकाळच्या पायातलं
अर्ध्या नंबराचं अंतर.

कुणाला बहिणीच्या लग्नात मिरवायचंय, पण नवरी दिसायचं नाही.
कुणाची मुलाखत : टाच अशी हवी
की उंच वाटावं, पण साहेबापेक्षा नको.
बँकेतली ग्रासिएत दर मार्चला येते,
काळे पंप्स घेते, गेल्या वेळचेच,
आणि निघताना लाल सँडलला
एकदा हात लावून जाते.
ते सँडल मी शोकेसमधून काढत नाही.

आमच्या रस्त्यांना टाचा आवडत नाहीत.
मुठीएवढे दगड, पावलांनी घासून गुळगुळीत,
मधल्या फटी बारीक टाच गिळायला टपलेल्या.
म्हणून प्रत्येकीला सांगते :
पिशवीत एक सपाट जोड ठेवा,
उतारावर तो घाला, दारापाशी बदला.
ऐकतात निम्म्या.

ओतिलिया आली गुरुवारी, दुकान बंद व्हायच्या वेळेला.
राखाडी कोट, मोज्याचा घोट्यापाशी एक धागा निघालेला.
"प्रसंग?" मी विचारलं.
"कोर्ट. सोमवारी. घटस्फोट."
त्या प्रसंगाचं शेल्फ आमच्याकडे नाही.
काळे दाखवले. "कुणी मेलेलं नाही."
बेज दाखवले. "माफी मागायला जात नाहीये मी."
मग खालच्या आवाजात म्हणाली,
"वाजतील असे द्या."

तो रात्रपाळीचा, दिवसा झोपायचा.
बावीस वर्षं ती घरात
फेल्टच्या सपातांवरून चालली, वर्षाला दोन जोड.
आता एकदाच, कोर्टाच्या त्या लांब कॉरिडॉरमधून,
त्याला ऐकू जाईल असं निघून जायचं होतं.

दुकानात मात्र गालिचा.
त्यावर घोडासुद्धा मांजर होतो.
एक टोक मी धरलं, दुसरं तिने.
सेन्योर बाल्ताझार गल्ला मोजता मोजता
आकडा विसरले.
खाली निघाली जुनी लाकडी जमीन,
आजवर मीही न पाहिलेली.

ती डोळे मिटून चालली.
रबरी टाच गेली बाजूला, कॉर्कची गेली,
एक जोड करकरला, "हा तर कुरकुर करतो," म्हणाली.
सहावा जोड हिरवा, बाटलीच्या काचेसारखा,
टाचेला धातूची टिकली.
टक्.
डोळे तिने उघडले नाहीत.
भिंतीपर्यंत गेली, वळली, आली.
टक्, टक्, टक्,
हक्काच्या माणसाने दार वाजवावं तसं.
सपाट जोड मी सुचवला. घेतला नाही.

तीन आठवड्यांनी परत, उजवी टिकली गायब.
"काय झालं?"
"कोर्टात गालिचा होता.
निळा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."
मला हसू आलं, तिला त्याहून जास्त,
आम्ही दोघी स्टुलांना धरून हसलो.

"बाहेर उतारावर टाच अडकली दगडांत.
मागून तो येत होता. खाली बसला,
घोटा धरून जोडा हलकेच फिरवून काढला,
तुम्ही काढता ना, तसाच.
उठताना गुडघे वाजले त्याचे."
"आणि मग?"
"मग म्हणाला, नवे का?
मी हो म्हटलं.
म्हणाला, छान वाजतात, वरपासून ऐकत आलोय."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.
टिकली ठोकून दिली, दोन खिळे, वर थोडा डिंक.
ती पैसे ठेवून गेली. मी मोजले नाहीत,
दारातून कोपऱ्यापर्यंत ऐकत राहिले.

गालिचा अजून मागच्या खोलीत उभा आहे.
सेन्योर म्हणतात, अंथरा, जमिनीला ओरखडे पडतील.
पडतात.