उसवलेलं शिंग

हावेल्काने काड्यापेटीतून केस आणले,
शेळीचे, चिमूटभर.
पेटीवरचं चित्र कधीच पुसलं गेलेलं.
"पांढरी," म्हणाला, "पण पांढरी नव्हे."
मला कळलं. एकतीस वर्षं
मी याब्लोनेत्सच्या कारखान्यात मणी ओवलेत,
पांढऱ्याच्या अकरा जाती बोटांना पाठ आहेत:
खडूचा, दुधाचा, साय धरलेल्या दुधाचा,
कवडीचा, आणि तो एक, भट्टी नीट न तापल्याने
पिवळट पडलेला, जो आम्ही नापास करायचो
आणि एप्रनच्या खिशातून घरी आणायचो.
शेळी त्या नापास मण्यांची झाली.

एप्रिलात मुलीचं लग्न आहे त्याच्या.
कोटावर फूल नको म्हणतो.
आई गेली तेव्हा पोर चार महिन्यांची,
आणि डब्यातलं दूध तिला पचेना.
पुढचं बोलला नाही, टोपी फिरवत राहिला.

राखाडी नमद्याचा तुकडा, अंड्याएवढा.
जबड्यापासून सुरुवात: दोन मणी पुढे, एक टाका मागे.
घाई असलेल्याला ही टीप साधत नाही.
नाकाला मोठा काळा मणी लावून पाहिला,
नाकापेक्षा मोती जड झाला, काढला.
दाढीला रेशमाचे मोकळे धागे,
आणि त्यांत, न सांगता, दोन केस तिचे.
डोळा शेवटी लावायचा. आधी लावला
की ती बघत बसते आणि हात बावरतो.
शिंगं तपकिरी नळीमण्यांची, दोन, कमानदार,
एकमेकांना तोलून धरणारी.
माझ्याच कामावर मी खूश झाले, असं क्वचित होतं.

तो रंग बघायला आला. दारात बूट झटकले, बर्फ सांडलं.
नमदा तळहातावर घेऊन खिडकीशी गेला.
"सुरेख आहे शेळी," म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने: "कुणाची?"

डावं शिंग कुंपणात अडकून मोडलेलं म्हणे,
पहिल्याच हिवाळ्यात. फोटोत दिसलं नव्हतं,
फोटोत पोरीचं डोकं आड आलेलं.
आणि मी न विचारता
जे दिसलं नाही ते धड असणार, असं धरून चालले.

रात्री उसवायला बसले.
कारखान्यात उसवणं नव्हतंच. तिथे सगळे
एकाच माळेचे मणी, सर तुटली तर केरसुणी.
इथे एकेक टाका सुईच्या टोकाने उचलायचा,
कापायचा, शेजारचा ढिला पडत नाही ना बघायचं.
एक नळी सुटून शेगडीखाली गेली. जाऊ दे.
खुंट ठेवला चार मण्यांचा, टोकाला खडबडीत.
पण नमद्यात भोकं राहिली,
शिंगाच्या वाटेने, बारीक, ओळीत.
वाफ दिली. नखाने घासलं. मिटली नाहीत.

मागे चामडं शिवलं, पिन बसवली, कडेने मणी फिरवले.
डोळा लावला. तिने बघितलं.

शनिवारी तो आला, पैसे मोजून आणलेले,
वर चीजचा गोळा, तिच्या खापरपणतीच्या दुधाचा.
अंगठा खुंटावरून फिरवला, मग
त्या भोकांवरून, जिथे काहीच नव्हतं,
वर, वळणावळणाने, शेवटपर्यंत.

जाताना काड्यापेटी परत मागितली.
उघडून बघितली, बंद केली,
केस मोजले नाहीत.