सुटी बॅटरी

सोहारच्या दुकानात शाजी काचेवर
चार कॅमेरे मांडतो, पत्ते वाटावेत तसे,
आणि मेगापिक्सेल सांगायला लागतो.
मी म्हणते, ते राहू दे,
पोट केवढं आहे ते सांग.

माझं काम गंज बघायचं.
पाइपांचे सांधे, बोल्टांच्या माना,
रंगाखाली फुगून आलेलं लोखंड.
इथे समुद्र हवेतूनच खातो, सावकाश, चवीनं,
आणि मी त्याच्या दातांच्या खुणा टिपते.
फोन फाटकावर जमा. कॅमेऱ्याला वेगळा परवाना,
सोबत गॅस मोजायला बद्र,
आणि परवान्याखाली लाल शाईत अट:
आत बॅटरी उघडायची नाही.
एक ठिणगी पुरे,
मग यादी करायला सांधे उरायचे नाहीत.

म्हणजे काड्या संपल्या की चालायचं.
दीड किलोमीटर फाटकापर्यंत, दीड परत,
ऑगस्टात, हेल्मेटाखाली डोक्याची उकड होत.
बद्र मागून कुरकुरतो:
तुझा कॅमेरा माझ्या मामाच्या बोटीपेक्षा जास्त पितो.

खोक्यावर साडेतीनशे लिहिलंय, शाजी बोट ठेवतो.
हो, पण ते मोजले असतील
कुठल्यातरी गारेगार खोलीत, खुर्चीत बसून.
आमच्याकडे सावलीत सेहेचाळीस,
आणि पाइपाच्या पोटाखाली भर दुपारी रात्र,
तिथे फ्लॅशशिवाय गंजसुद्धा दिसत नाही.
साडेतीनशेचे दोनशे धर.
पडदा उजळ ठेवलास तर तेही विसर.

पेन्सिल सेलवाला घे मग, कुठल्याही बकाल्यात मिळतात.
होता माझ्याकडे. सेल अकरा वाजताच दमायचे,
फ्लॅश भरेपर्यंत बद्रची एक डुलकी होऊन जायची.
डुप्लिकेट बॅटरी? निम्म्या किमतीत?
मागच्या उन्हाळ्यात एक गाडीत राहिली.
संध्याकाळी बघते तर टम्म फुगलेली,
कप्प्यात शिरेना. कुणावर रागावावं तेही कळेना.

मग तो खालच्या फळीवरून एक काढतो,
जाडा, काळा, कोपऱ्यावर किंमत दोनदा खोडलेली.
कुणी घेत नाही मॅडम, खिशात मावत नाही.
मी वळवून बघते.
वर डोळा लावायला इवलंसं भोक,
म्हणजे पडदा मिटून काम करता येईल.
आणि जाडी म्हणजे जागा, बॅटरीची.
माणसांचंही असंच असतं म्हणणार होते,
पण शाजी सडसडीत आहे, राहिलं.

किती वर्षं वापरणार?
माझ्या व्हिसावर अकरा महिने आहेत.
पुढचं ऑफिसात कुणी नीट बोलत नाही.
पाच वर्षं चालेल असाच दे, मी म्हणते,
आणि एक सुटी बॅटरी, कंपनीची.

सुटी. दुकानात हिंदी चाललेलं,
हा शब्द मनातच मराठीत आला,
आणि त्याच्याबरोबर कराडचे तीस दिवस,
त्यातले पहिले चार झोपेत,
शेवटचे चार बॅगांत.

बिल करताना शाजी सांगतो:
वापरात नसेल तेव्हा पूर्ण भरून ठेवू नका,
आतल्या आत थकते.
रिकामीही नको, पुन्हा उठत नाही.
अर्धी भरून, थंड जागी.
मी मान हलवते. वीस वर्षं झाली, हे मला माहीत आहे,
फक्त बॅटरीबद्दल आहे हे माहीत नव्हतं.

रात्री ती डबीत घालून
फ्रिजच्या दारात ठेवते, लोणच्याच्या बाटलीशेजारी.

सोमवार. दोनशे चौदा झाले.
एकच काडी, तीही लुकलुकतेय.
शेवटचा सांधा उंचावर, शिडीच्या टोकाशी.
बद्र फाटकाच्या दिशेनं बघतो, मग माझ्याकडे.
मी पडदा मिटते, भोकाला डोळा लावते,
श्वास धरते.
उमटला.

खालून तो विचारतो, आणखी एखादा निघेल?
मी गंजाकडे बघते.
निघेल, म्हणते. थांब.