पूर्वलक्षी नाही

चिलीतल्या तालका गावी, अर्ध्या उभ्या खांबापाशी
ओतिलिया मारिलेओ
रिंगेचा आकडा अंगठ्यानं चाचपते.
काटकोनात वाकवलाय. चालणार नाही.
एकशे पस्तीस अंश, आत, काँक्रीटच्या पोटात.

सळई वाकवणारा पोरगा कुरकुरतो:
"बाई, एवढ्याशा वाकानं काय होतंय?"

ती पुस्तक उघडत नाही. कलम पाठ आहे.
ते छापायच्या आदल्या वर्षी
खांबांच्या रिंगा सुटल्या
बुटाच्या नाड्या सुटाव्यात तशा,
आणि मावशीचा दुसरा मजला
पहिल्यावर येऊन बसला.
चौकशीवाल्यांनी ढिगाऱ्यातून रिंगा वेचल्या,
कोनमापक लावला.
मग कुणीतरी एक ओळ वाढवली.

पोरगा शिव्या घालत
चाळीसच्या चाळीस रिंगा पुन्हा वाकवतो.

संध्याकाळी ती घरी जाते.
तिसरा मजला, इमारत त्या ओळीच्या आधीची.
कलम पूर्वलक्षी नाही.
पलंग तिनं खिडकीपासून लांब ओढलाय,
उशाशी बूट, नाड्या सैल सोडून.
इथल्या खांबांत सगळे काटकोन आहेत,
तिला ठाऊक आहे.

भाडं मात्र परवडतं.