पायरी

उभयचर म्हणजे बेडूक,
असं शाळेत पाठ केलं होतं.
आता बेडकाला पंख आहेत, सव्वा मीटरचे,
आणि तो नेरुळच्या सेक्टर सहात
माझ्या जेवणाच्या टेबलावर उताणा पडलाय.

मूळ विमान नव्वद वर्षांपूर्वीचं.
दोन मजली पंख, मधे खांबांवर इंजिन,
पंखा मागे तोंड करून,
पाहुण्यांत कुणी रुसून बसावं तसा.
शेपटी मात्र मी दीडपट केली.
विमान लहान करता येतं, हवा करता येत नाही;
मापाची शेपटी लावली तर ते हवेत डुलक्या घेतं म्हणे.
म्हणून हे अर्धंच खरं.
तुर्भ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं ट्रेसर होते,
अर्ध्या मिलिमीटरसाठी बोलणी खाल्ली.
पहिल्यांदाच मुद्दाम चुकले
आणि रात्री गाढ झोपले.

बाल्साची भुकटी गॅलरीतून उतरते
खालच्या सुळेबाईंच्या वाळत्या परकरांवर.
त्या वर बघतात. मी आत येते.

तळ काही जमेना.
दिवाळ्याचे हसुराम कोळी, होड्या डागडुजणारे,
त्यांनी पोट तळहातावर घेतलं, अंगठा फिरवला.
"बाय, पानी याला सोडनार नाय.
गुळगुळीत पोटाला पानी चिकटतं."
नकाशात तिथे एक खाच होती.
मी ती झेरॉक्सची घडी समजले होते.
मी, ट्रेसर.

ती पायरी निघाली.
पोटाच्या मधोमध, अर्ध्या पेराएवढी,
जिथे पाण्याची पकड तुटते
आणि खालून हवा शिरते.
पाण्यातून वर जायलाही पायरी लागते,
आणि ती खाली उतरणारी असते.
बारीक करवतीनं पोट कापलं.
काचकापड, इपॉक्सी. तीन दिवस
वरणालासुद्धा तोच वास.

रविवारी पहाटे धारण तलाव.
पलीकडे चिखलात रोहित, एका पायावर,
उडण्याबद्दल त्यांना काही सांगायचं नव्हतं.
पहिल्या खेपेला ते बदकासारखं गोल फिरलं.
दुसऱ्या खेपेला पाणी दोन्ही बाजूंनी फाटत गेलं,
नाक वर, छाती वर,
मग एकदम आवाज बदलला,
गिरणीतलं धान्य संपल्यावर बदलतो तसा.
हसुराम गुडघाभर पाण्यात:
"सुटला बाय, सुटला!"
पोटाखाली बोटभर उजेड.

अकरा सेकंद, असं ते म्हणतात.
मी मोजले नाहीत.
मग डावा तरंगा टेकला, गिरकी,
आणि हसुराम हात लांब करून चालू लागले,
रांगणाऱ्या पोराला उचलायला जावं तसे.

घरी टेबलावर उलटं धरलं,
पोटातून अर्धी वाटी खाडी निघाली.
ओतून टाकायला उठले होते.
वाटी हातात घेऊन तशीच बसले,
सुळेबाईंनी बेल वाजवेपर्यंत.