चौतीस ग्रह

खेळ बनवणाऱ्यांनो, रात्रपाळीतून लिहितोय.
अक्कलकोट रोड, एमआयडीसी. शेडचा नंबर देत नाही,
मुकादमही खेळतो.
माझ्या हाताखाली चार माग, टॉवेलचे,
आणि तुमच्या आकाशात चौतीस ग्रह.
मागांबद्दल तक्रार नाही.
ग्रहांबद्दल आहे.

दर आठ तासांनी खाणी गप्प होतात.
मग एकेका ग्रहावर उतरायचं,
लोखंड उचलायचं, बर्फ उचलायचा,
'सुरू करा' दाबायचं,
तुम्ही विचारता 'नक्की?'
नक्की दाबायचं.
चौतीस गुणिले पाच, एकशे सत्तर टिचक्या,
आणि अंगठ्याला सुताचा कोंडा चिकटलेला,
त्यामुळे काही टिचक्या वाया.

माझा माग तरी सांगतो.
उभा धागा तुटला की पातळशी पिन खाली पडते
आणि अख्खं लोखंडी धूड
एका धाग्यासाठी थांबून राहतं.
तुमची कोठारं भरली की मुकाट बसतात.
परवा नऊ तास हेलियम तुंबून होता,
कुणी हाक मारली नाही मला.
हाक मारा की ओ.
भंगारातल्या मागालाही जमतं एवढं.

शेजारच्या शेडमध्ये चादरीवर मोर येतो.
मोर एकदाच ठरला, पुठ्ठ्याला भोकं पाडून.
आता पुठ्ठ्यांची माळ फिरते, मोर येत राहतो,
दर पिसाला कुणी विचारत नाही, नक्की?
असा एक पुठ्ठा आम्हाला द्या.
एकदा सांगू: इथे लोखंड, तिथे बर्फ,
जहाज भरलं की निघू दे.

इथवर लिहून अम्माला वाचून दाखवलं.
ती सुपात पानं घेऊन बसलेली,
डोळे मालिकेवर, बोटं विडीवर,
सातशे झाल्या होत्या, तीनशे राहिल्या होत्या.
म्हणाली, पगार किती देतात?
काही नाही म्हटल्यावर बराच वेळ हसली.
मग दोरा दातानं तोडत म्हणाली,
कंटाळा बोटांना येत नसतो रे.
नजरेला येतो.
बोटं अडकव, नजर सोड, असं लिही त्यांना.

तसंच लिहितो.
दर टिचकीला पडदा झाकू नका.
खाण चालू असताना मला
कडेनं जाणारा धूमकेतू बघू द्या.

आणि एक ओळ खोडून पुन्हा लिहितोय.
आधी लिहिलं होतं: सगळं आपोआप करा.
पण नरसप्पामामाकडे चार माग होते,
मग नवे आले, एक माणूस बारा बघतो,
आणि तो एक माणूस मामा नव्हता.
आता मंगल कार्यालयाच्या गेटवर असतो,
गाड्या लावून घेतो,
शिट्टी वाजवतो मागाच्याच ठेक्यात.
कंटाळा गेला त्याचा, हे खरंय.
म्हणून, शीण काढा.
हात काढू नका.

अजून एक, ही सूचना नाही,
मी आपलं करून टाकलं.
ग्रहांना तुमचे नंबर होते, सात-अ, सात-ब,
एकही लक्षात राहीना.
मी नावं बदलली.
कन्ना चौक, जोडभावी पेठ, दत्तनगर,
विडी घरकुल दोन चंद्रांसकट,
आणि सगळ्यात लांबचा, बर्फाचा, नीलमनगर,
कारण मेमध्ये तिथं पत्र्याखाली
आम्ही सहा जण झोपायचो.
तेव्हापासून टिचक्या तेवढ्याच आहेत,
पण फेरी मारल्यासारखं वाटतं.

तीन चाळीस. लाईट गेली.
शंभर माग एकदम थांबले की
कानात जे वाजतं त्याला नाव नाही.
कुणीतरी बिडी शिलगावली, कुणी आडवा झाला.
अंधारात माझा अंगठा उजळलाय.
तेहतीस झाले.
नीलमनगरचं कोठार भरलंय,
बर्फ उचलायचा आहे,
आणि मी अजून उतरत नाहीये,
नुसता वरून बघतोय,
किती पांढरं.