बावीस गेज

दुपारी तीनला दुकानात एक परदेशी पोरगी आली,
सोबत कॉलेजात फिजिक्स शिकवणारे खातू सर.
पत्रे तिने डोळ्यांनी पाहिलेच नाहीत.
कोपरा धरायची, हलवायची, कान लावायची.
चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांनी जाडी विचारली, गंज विचारला,
भाव तर विचारलाच.
आवाज विचारणारी हीच पहिली.

बावीस गेज, आठ बाय तीन,
जेटीवरच्या शेडचा उरलेला,
वादळात उडून माडाला गुंडाळला गेलेला
आणि मी ठोकून ठोकून सरळ केलेला,
तिला तोच आवडला.
सर म्हणाले, ती म्हणते, ह्याला पोचा आहे ना,
तिथे आवाज मुरतो.
भाडं काय सांगू? मी हात जोडले.
तिने दोन तिकिटं दिली.
पाटीवर 'पावसकर अँड सन्स', पण सन्स पुण्यात,
म्हणून दुसऱ्या खुर्चीवर दुकानातला इम्तियाज.

स्टेजवर साठ माणसं, सगळी काळ्या कपड्यांत.
आधी सगळ्यांनी मिळून एकच सूर लावला,
लांब, भरतीसारखा चढता.
संपल्यावर आम्ही दणकून टाळ्या वाजवल्या.
सर मागे वळून हळूच म्हणाले, ही नुसती जुळवाजुळव.
खरं सांगू, मला तीच आवडली होती.

पहिली रचना लढाईतून परतलेल्या कुणाची, शंभर वर्षांपूर्वीची.
व्हायोलिनं निघायची आणि मध्येच थांबायची,
खोलीत येऊन आपण कशाला आलो
ते विसरावं, तशी.

दुसरी लिहिणारी बाई जिवंत होती.
तिसऱ्या रांगेत बसून नखं खात होती.
तिच्यात चाल नव्हती. बासऱ्यांमधून नुसता श्वास,
गज उलटा धरून लाकडाने तारांवर टकटक.
इम्तियाज म्हणाला, काका, बिघडलाय काय?
चार जण उठून गेले. बाहेर त्यांच्या स्कूटरी सुरू झाल्या
तेव्हा बाईने मान कलती करून
त्याही ऐकल्या.

मी उजव्या कोपऱ्यात बघत होतो.
पत्रा टांगलेला. नायलॉनची दोरीही आपलीच,
नऊ रुपये मीटर.
वीस मिनिटं तो नुसता लोंबत होता.
पंख्याच्या वाऱ्याने वळायचा
आणि उजेडाचा एक चट्टा छतावर फिरून यायचा.
गॅदरिंगला पोरगा झाड झालेला असतो,
तरी आईबाप झाडाकडेच बघतात.

मग तिने कोपरा धरला.

आधी कानाला काही नाही,
खुर्चीच्या हाताला तेवढं कळलं.
मग खोल कुठून तरी गडगडत वर आलं
आणि पुढच्या रांगेतले आंबेवाले शितूत ताडकन उठले.
फेब्रुवारी. मोहोर धरलेला.
वाकून वाकून दारापर्यंत गेले,
आभाळ बघून आले. लख्ख चांदणं.
बसले, पण रुमालाने मान पुसत राहिले.
पोरं हसली. मला हसू आलं नाही;
त्या हॉलमध्ये शितुतांइतकं नीट
कुणीच ऐकलं नव्हतं.

तिने पत्रा सोडला. तो थांबेना.
पोच्यात मुरलेलं थोडं थोडं बाहेर येत होतं.
हात वर धरलेला तो म्होरक्या हलेना,
साठ माणसं गज उचलून, फुंकर तोंडात धरून
माझ्या पत्र्याची वाट बघत उभी-बसलेली.
इम्तियाजने टाळीला हात उचलले
ते मी वरच्यावर धरले.

सकाळी टेम्पोतून पत्रा परत आला.
अकराला गिऱ्हाईक, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकायला.
मी हलवून दाखवला.
त्याने विचारलं, गळणार नाही ना?
भोकं नव्हती. धंदा आहे, कापून दिला.
पोच्याचा तुकडा त्याला नको होता,
म्हणून तो राहिला, मापाच्या टेबलामागे.

आता रात्री शटर ओढलं
की तो मागून बारीक काहीतरी म्हणतो.
इम्तियाज कुलूप घेऊन पुढे होतो.
थांब रे,
संपू दे.